सरकलेली रेघ

बाबा निवृत्त झाले, तरी त्यांच्या डोक्यातली वेधशाळा काही निवृत्त झाली नव्हती. मी तिथेच नोकरीला, अजून कायम न झालेली; ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट मीच त्यांना घरी आणून द्यायची. वर्णपटात हायड्रोजनची लाल रेघ ठरलेल्या जागी असते. तारा जवळ येऊ लागला की ती निळ्याकडे सरकते, दूर जाऊ लागला की उलट. बाबा ज्या ताऱ्याच्या मागे लागले होते, त्याची रेघ कधी इकडे, कधी तिकडे. म्हणजे न दिसणारा कुणी सोबती त्याला ओढत होता. बाबांचे पाय जमिनीवर नव्हते.

कारणही तसंच होतं. वेधशाळेचे संचालक, एकेकाळी बाबांच्या हाताखालचे आणि आता माझे साहेब, चारचौघांत हसत म्हणाले होते, "म्हाताऱ्याला हल्ली काही आठवत नाही." ते बाबांच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून आज साहेबांनाच चहाला बोलावलं होतं.

"त्या सोबत्याला एका फेरीला किती वेळ लागतो, तेवढं काढून ठेव," मला फर्मावून बाबा शर्ट बदलायला गेले.

मी आकडे घातले. उत्तर आलं, बरोबर एक वर्ष. वर्षात एक फेरी मारते ती आपली पृथ्वी! तिच्या धावण्यानेही रेघ सरकते, म्हणून तेवढा भाग वजा करावा लागतो. बाबांनी तो नेहमीच्या शिस्तीत वजा केला होता. पण हल्ली वेधशाळेतला संगणक तो आधीच वजा करून देतो, आणि हे त्यांना सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. एकाच भाजीत दोघांनी मीठ घातलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला.

बाबा बटणं लावत आले. "किती?"

"एक वर्ष."

त्यांचा हात बटणावरच थांबला. "दोनदा वजा झालं. संगणक करतो का हल्ली?"

"हो. बाबा, मी सांगते साहेबांना, चूक माझी..."

"तू चहा टाक."

तेवढ्यात बेल वाजली.

बाबांनी स्वतःच सांगून टाकलं, दोनदा वजा झालं, सोबती नाहीच; साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. बिस्कीट बुडवत म्हणाले, "पण सर, पद्धत बदललीय हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?" आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

"हिने सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "दोनदा सांगितलं होतं. माझ्याच हल्ली लक्षात राहत नाही."

साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. मी मात्र खाली बघून चहा ओतत राहिले.