वळवलेला गाडा

पौष म्हणजे भाकड महिना. लग्न नाही, मुंज नाही, घरभरणी नाही. टिटवाळ्याच्या वाटेवरच्या उंबरपाड्याला मात्र पौषातच सगळ्यात मोठं काम असायचं. देवी, गोवर, पटकी, जी काही मरी गावावर टपून बसली असेल ती एका हातभर लाकडी गाड्यात बसवायची आणि शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायची. पांगाऱ्याचा गाडा, त्यात मरीआईची बाहुली, अंगावर हिरवं फडकं, पुढ्यात नारळ, दहीभात आणि काचेच्या बांगड्या. अवसेला दिवस कलला की ढोल वाजवत जायचं, ठेवायचं आणि परत यायचं. शेजारचं गाव करंजपाडा. तिथल्या बायका सकाळी गाड्याची ओटी भरायच्या आणि पुरुष तो पुढच्या गावाच्या शिवेत ढकलायचे. असं करत करत गाडा शेवटी उल्हास नदीत जायचा. नदी काही लांब नव्हती. पहिल्याच दिवशी नेऊन बुडवला असता तर चाललं असतं. पण आपली पीडा शेजाऱ्याच्या दारात ठेवण्यात जे सुख आहे ते नदीत बुडवण्यात कुठलं?

तुळसानं हे आयुष्यभर पाहिलं होतं आणि गाडा शिवेपार गेला की इतरांसारखीच तीही निवांत झोपली होती. त्या वर्षी मात्र तिची झोप उडाली. तिची एकुलती एक लेक शालू करंजपाड्यात दिलेली. लग्नाला सात वर्षं झाली तरी कूस उजवेना. सासू सगुणा उठता-बसता टोमणे मारायची, शालू खाली मान घालून ऐकायची. अखेर कार्तिकात माहेरी येऊन शालू बाळंत झाली. मुलगा झाला. सव्वा महिना लेकीची न्हाणी-धुणी करून तुळसानं तिला नातवासकट सासरी पोचवलं आणि घरी येऊन बघते तर पौष लागलेला. म्हणजे आता हा गाडा जाणार कुठं? तर नातवाच्या उशाशी.

गाड्याचा मान पंढरीकडे. तो गावचा भगत आणि तुळसाचा दीर. तुळसा रांडमुंड झाल्यापासून तिची शेती तोच बघायचा, त्यामुळे ती त्याच्यापुढे फारसं बोलत नसे. त्या दिवशी ती त्याच्या ओसरीवर जाऊन बसली आणि उठेचना.

"भाऊजी, या वर्षी गाडा दुसरीकडं न्या."

"वहिनी, वाट का आपण ठरवली? बापजाद्यांपासनं ती करंजपाड्यालाच जाते."

"माजा नातू हाय तिथं. ओला जीव हाय."

"मागल्या वर्षी तिथं कुणाचं पोर नव्हतं का?" पंढरी म्हणाला.

तुळसानं पदर पसरला आणि जे म्हणायला नको होतं ते म्हणून बसली. "क्यांपात न्या. ती माणसं तरी आपली कुठं हायेत?"

क्यांप म्हणजे कल्याणचा क्यांप. लढाईत तिथं गोऱ्या सरकारनं बराकी बांधल्या होत्या आणि फाळणी झाल्यावर त्यांत सिंधकडची माणसं आणून भरली होती. बराकींच्या पायी उंबरपाड्याचं गुरचरण गेलं होतं. ते घेतलं सरकारनं, पण सरकारला कोण बोलणार? म्हणून राग धरला तो बराकीत राहणाऱ्यांवर. तुळसाचं बोलणं गावात फिरलं तसे सगळे खूश झाले. पंढरीचा चुलत पुतण्या उत्तम कल्याणला गिरणीत लागला होता. तो म्हणाला, "काका, क्यांपाला पक्की सडक हाय. ब्यांड लावू. ढोल काय, जुनाट झाला." पंढरीनं दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि मग मान डोलावली.

तर अशी त्या वर्षी मरीआई निघाली. पुढे ब्यांड, सिनेमातलं गाणं वाजतंय, डोक्यावर पेट्रोमॅक्स, पोरं नाचतायत, मागून तुळसाही चाललीय. बाहुलीला उत्तमनं कुठून तरी जरीची कड आणून लावलेली. पूर्वी या वाटेनं माणसं जीव मुठीत धरून, गप्प जायची. आता वरातच म्हणा ना.

बराकींपाशी ब्यांड पोचला तशी तिथली माणसं बाहेर आली. त्यांना वाटलं, गावानं आपल्यासाठी देव आणला. वाटणारच, बिचाऱ्यांना कुणी काही सांगितलंय थोडंच! एका म्हाताऱ्यानं डोक्यावर रुमाल घेतला आणि गाड्यापुढे वाकला. एक बाई, तुळसाच्याच वयाची, कडेवरचं पोर घेऊन पुढे आली, त्याचं डोकं बाहुलीच्या पायांवर टेकवलं आणि उंबरपाड्याच्या पोरांच्या हातांवर खडीसाखर ठेवत निघाली. तुळसाच्याही हातावर ठेवली. सांगावं का हिला, की बाई, पोर मागं घे? ओठांपर्यंत आलं होतं. पण मग शालूचं पोर डोळ्यांपुढे आलं आणि तिनं तोंड मिटलं. खडीसाखर तिनं वाटेत टाकून दिली. लाज वाटली तिला, फार वाटली, पण त्या रात्री झोप मात्र लागली.

इकडे करंजपाडा अवसेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीचं सामान घेऊन शिवेवर उभा. ऊन वर आलं तरी गाडा नाही. आठच दिवसांपूर्वी सरकारी देवी टोचणारा गावात आला होता. सगुणेनं त्याला दारातूनच परत पाठवलं होतं, "आमची बाई गाड्यातनं येईल, तिला आम्ही मानानं वाटेला लावू. तुमच्या सुईनं तिला डिवचायचं नाय." सगळ्या गावानं तिचंच पाहून दारं लावली. आणि आता बाईच आली नाही.

माघात करंजपाड्यात देवी आल्या. तुळसाला कळलं तशी ती धावत सुटली. दारावर कडुलिंबाचे डहाळे बांधलेले, उंबऱ्यात सगुणा बसलेली.

"आत नाय यायचं," सगुणा म्हणाली. "आमच्या मानाचा गाडा तू क्यांपात घातलास. बाई रुसली. तुज्या नातवाच्या अंगावर तीळ ठेवायला जागा नाय."

"विहीणबाई, मी त्याच्यासाठीच..."

"ठाऊक हाय कुणासाठी. जा, घेऊन ये तिला. आली तर त्याचा ताप उतरेल."

तुळसा शहाणी असती तर तिथंच बसकण मारली असती. पण आतून पोराचं कण्हणं ऐकू येत होतं. ती तशीच क्यांपाकडे निघाली. बाहुली तिला त्याच बाईच्या बराकीत सापडली. कोनाड्यात बसवलेली, खाली गाडा, पुढे दिवा, जरीची कड धुऊन नीट लावलेली. बाईचं पोर जमिनीवर रांगत होतं, अंगानं टुणटुणीत. दंडावर टोचल्याची खपली होती. क्यांपात सगळ्यांना रांगेत उभं करून टोचलं होतं, त्यांना कोण विचारतंय हो म्हणता की नाही म्हणता? तुळसानं खुणेनं सांगितलं, नातू आजारी आहे, ही हवी. बाईचा चेहरा उतरला. गाव सोडताना देव्हारा तसाच टाकून आली होती ती, त्यानंतर घरात आलेला हा पहिला देव. तरी तिनं बाहुली उचलली, कपाळाला लावली, गाड्यात ठेवली आणि तुळसाच्या हाती दिली. वर तुळसाच्या डोक्यावरून हात फिरवला. तुळसाला तो हात सोसला नाही.

गाडा डोक्यावर घेऊन ती करंजपाड्याच्या शिवेतून, बापजाद्यांच्या वाटेनं आत शिरली. सगुणेनं ओटी भरली, नारळ वाढवला, सगळं रीतसर केलं आणि मग दार सोडलं.

आत शालू भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पोर. ते आता कण्हत नव्हतं. तुळसानं हात लावून पाहिलं. पोर गार पडलं होतं.

शालू बोलली. आवाजात राग नव्हता.

"आये, क्यांपातली पोरं कशी हायेत?"

खोटं बोलावं असं तुळसाला फार वाटलं. पण जीभ रेटेना.

"बरी हायेत."

"समदी?"

"समदी."

शालूनं पोराच्या तोंडावरची माशी हाकलली.

"मग गाडा कशाला नेलास तिथं? मला आन् याला नेऊन सोडायचं होतंस."