चांगली माती

सकाळी मी एका शर्टाला बटणं लावत होते, तेव्हा टेबलावरची कात्री किंचित सरकली. ट्रक गेला असेल म्हणत मी दाताने दोरा तोडला आणि पुढच्या बटणाला लागले. भूकंप झाला हे मला धाकट्या बहिणीच्या फोनने कळलं.

"ताई, जिवंत आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

पलीकडून रडणं. तिच्या स्वयंपाकघराची भिंत कोपऱ्यापासून उकलली होती, कपाट आडवं झालं होतं आणि नवरा दाराच्या चौकटीला मिठी मारून उभा होता. त्यांच्या संसारात त्याने कोणाला एवढी घट्ट मिठी मारलेली मी पाहिली नव्हती.

आमच्या दोघींची घरं एकाच हातची. आमचा दादा गवंडी. एकच नकाशा, एकाच दुकानाचं सिमेंट, त्याचीच थापी. माझं घर टेकडीवर, तिचं खाली, जुना तलाव बुजून झालेल्या सपाटीवर. माझ्या गच्चीवरून हाक मारली तर तिच्या अंगणात ऐकू जाते. मग माझ्या भिंतीला ओरखडा नाही आणि तिची भिंत उकलते? माझं डोकंच चालेना.

दुपारी पाहणीला आलेली इंजिनियर मुलगी तिच्या दारावर लाल फुली मारून माझ्याकडेही आली. मी तिलाच विचारलं. तिने इकडेतिकडे बघितलं, टाचण्यांची गादी कात्रीशेजारी ठेवली आणि टेबलाला खालून टिचकी मारली. कात्री ढिम्म. गादीतल्या टाचण्या मात्र थरथरत राहिल्या. "तुमच्याखाली खडक आहे, काकू. त्यांच्याखाली खोलवर गाळ. धक्का तोच, पण गाळात शिरला की वाढतो, आणि लवकर थांबतही नाही." मी मान हलवली. कळलं का? अर्धं.

धाकटीला सगळंच कळलं होतं, पण तिच्या पद्धतीने. संध्याकाळी माझ्याकडे येऊन ती तिथे आधीच आलेल्या दादासमोर उभी राहिली. "ताईच्या घराला चांगला माल आणि माझ्या घराला झाडून काढलेला, होय ना?"

दादा जमिनीकडे बघत होता. सकाळपासून पाण्याशिवाय त्याच्या पोटात काही नव्हतं. "मी तुला तिच्यापेक्षा चांगली जागा दिली गं," तो म्हणाला. "तुला झाडांचं वेड. खाली माती कशी, काळीभोर, हाताने उकरता येईल अशी. इथे वर तर पहार मोडली माझी."

"चांगली माती!" धाकटी ओरडली. "मग वाईट द्यायची होतीस!"

मी मध्ये पडले. टाचण्यांची गादी आणली, टिचकी मारली. एवढ्या जोरात मारली की कात्रीच खाली पडली. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. "ताई, तू शिवण कर. भांडण माझं आहे. आजपासून हा माझा भाऊ नाही."

दादाने पिशवी उचलली. दाराकडे वळला. मला त्याला थांबवता येईना आणि तिला गप्प करता येईना. माझं धड उभं असलेलं घरच त्याच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. खालच्या अंगणात झोपायची सोय करणारा नवरा ओरडत होता, एवढा की आम्हा तिघांना ऐकू आलं: "हलतंय! परत हलतंय! खांब बघ कसा डोलतोय! बाहेर पळा!"

आम्ही तिघं जागच्या जागी. पायांखाली काहीतरी अंग झटकल्यासारखं झालं आणि संपलं. त्याचं ओरडणं मात्र चालूच होतं. "अजून हलतंय गं!"

धाकटीने फरशीकडे पाहिलं, मग फोनकडे, मग खिडकीतून खाली स्वतःच्या छपराकडे. नवऱ्याला म्हणाली, "थांब, इथे तर थांबलंय." आणि हे स्वतःच्या तोंडून ऐकून तिचा चेहरा गोंधळून गेला. घर पाडणाऱ्याची कॉलर पकडायला निघावं आणि हातात नुसता रिकामा शर्ट यावा, तसा.

दादा दारात, पिशवी हातात.

"मग आता मी भांडू कोणाशी?" ती विचारत होती, मला, त्याला की फरशीला, कोण जाणे.

"माझ्याशीच भांड," दादा म्हणाला. "पण इथे, वर राहून. नवऱ्यालाही बोलाव."

"बोलावतेच," ती म्हणाली. "आणि तू कुठे निघालास? बस. माझं झालेलं नाही अजून."