हात खिशात ठेवा

गाडीतून उतरण्याआधी सिस्टरनी नवऱ्याला पुन्हा एकदा बजावलं, "हात खिशात ठेवायचे. कशाला हात लावायचा नाही. आपण घर विकत घ्यायला आलोय, दुरुस्त करायला नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर जागेवर आहे ना, ते चाचपून बघितलं.

सिस्टर नुकत्याच हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, म्हणून नवराही तेच म्हणायचा. मिस्त्री सुतार. काही वाकडं दिसलं की या माणसाचे हात शिवशिवायला लागत. मागे एकदा दाढ काढायला गेले आणि तोंडात कापूस धरून दवाखान्यातल्या कपाटाचं दार बसवून आले. डॉक्टर खूश झाले. दाढ मात्र राहून गेली.

सिस्टरचा जन्म फिनेलच्या वासात आणि चौथ्या मजल्यावर गेला होता. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. गॅलरीत कुंड्यांची इतकी गर्दी की उन्हासाठी त्यांची भांडणं लागत. आपली स्वतःची जमीन असावी, तिच्यावर अनवाणी चालावं, कुठेही बी टाकावं आणि कुणाला विचारावं लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं. दोन डोंगरांच्या मधलं हे घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या तिथेच खलास झाल्या. दगडी घर, मागे अक्रोडाची झाडं, आणि खाली ओढ्यापर्यंत उतरत गेलेली चार एकर जमीन.

घर एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं होतं. हेडबाई एकट्याच राहत. पहिल्या भेटीतच त्यांनी सांगून टाकलं, "खिडकी उघडत नाही, जिना डुगडुगतो, मागचं दार तर कित्येक वर्षं अडकून बसलंय. मी थकले बाई या घरापुढे. मुलगी बोलावतेय, जाते तिच्याकडे."

सिस्टर हेडबाईंबरोबर जमिनीची हद्द बघून आल्या, तोवर स्वयंपाकघराची खिडकी उघडली होती. मिस्त्री शेजारी साळसूदपणे उभे. दुसऱ्या भेटीत जिना डुगडुगायचा थांबला. सिस्टरनी डोळे वटारले, तर म्हणाले, "अगं, शेवटी आपलंच घर होणार ना? आधी केलं काय, नंतर केलं काय!"

आज तिसरी भेट, पक्कं करण्याची. हेडबाई चहा ओतत होत्या आणि आतून खाडकन आवाज आला. मागचं दार उघडलं होतं. घरात एकदम ऊन आलं.

हेडबाई किटली तशीच ठेवून उठल्या. दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि अक्रोडांकडे बघत राहिल्या. चहा गार झाला तरी हलल्या नाहीत. मग मागे न वळताच म्हणाल्या, "सिस्टर, राग मानू नका. मी घर विकत नाही."

परतीच्या वाटेवर सिस्टर अर्धा घाट गप्प होत्या. उरलेला अर्धा घाट मिस्त्रींना त्या गप्पपणाची फार आठवण आली.

"अहो, लोक घर घेताना दोष काढतात! तुम्ही दोष काढून टाकलेत!" सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं. रागावलेली बायको मिस्त्रींच्या सवयीची होती. रडणारी नव्हती.

"मी सगळं पूर्वीसारखं करून देतो," ते घाबरून म्हणाले. "दाराखाली एक पाचर मारली की बसलं पुन्हा अडकून."

हे पाप आहे हे सिस्टरना कळत होतं. तरी त्या "बघा बाई," म्हणाल्या, म्हणजे हो म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात 'रंधा राहिला' असं सांगून दोघं पुन्हा हजर झाली. हेडबाईंना बोलण्यात गुंतवायचं काम सिस्टरचं, पाचर मिस्त्रींची. हेडबाई पायरीवरच बसल्या होत्या, मांडीवर अक्रोडांनी भरलेलं सूप. त्या कुठलं झाड कधी लावलं ते सांगत होत्या आणि सिस्टर त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. हा चेहरा त्यांच्या चांगला ओळखीचा होता. पायाचं प्लास्टर निघालं की पेशंट आधी खिडकीपर्यंत चालत जातो, तेव्हा तो असाच दिसतो. एवढ्या नोकरीत सिस्टरनी बऱ्या झालेल्या पायाला पुन्हा प्लास्टर कधी घातलं नव्हतं.

त्या ताडकन उठून आत गेल्या. "राहू द्या हो! नको ती पाचर!"

मिस्त्री दारामागे अपराध्यासारखे उभे होते. पाचर खिशातच होती आणि हातात तेलाची बुधली. "मला जमेना गं," ते म्हणाले. "बिजागरी कुरकुरत होती, म्हणून जरा तेल घातलं."

सिस्टरनी कपाळावर हात मारला आणि मग त्यांना हसू आवरेना. चार एकर जमीन गेली होती, तरी हसत होत्या.

"झालं का कुजबुजून?" दारातून हेडबाईंचा आवाज आला. "आयुष्यभर फळ्याकडे तोंड करून शिकवलंय मी. पाठीमागे कोण काय करतंय ते मला बघावं लागत नाही. चला, दोघांनी माझ्याबरोबर."

त्या दोघांना उतारावरून ओढ्याकाठी घेऊन गेल्या. तिथे मेंढ्यांचा एक जुना गोठा होता. छप्पर अर्धं, जमीन उखडलेली, आणि दार नव्हतंच.

"घर मी देणार नाही. पण इथून ओढ्यापर्यंतची जमीन माझ्याच्यानं होत नाही. हा गोठा धरून घ्या," हेडबाई म्हणाल्या. "यात धड असं काहीच नाही, आधीच सांगते."

मिस्त्रींचे डोळे लकाकले. सिस्टरनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. "सह्या होईपर्यंत खिशात!"

सह्या झाल्या. त्या दिवशी मिस्त्री फळ्या, रंधा, करवत घेऊन आले आणि थेट दाराच्या जागेशी गेले. "आधी दार. त्याशिवाय घराला घरपण नाही."

सिस्टर आत उभ्या होत्या, अनवाणी. त्या मोकळ्या चौकोनातून ओढा दिसत होता, पलीकडचा डोंगर, त्याच्यावर सरकणारी ढगाची सावली. मध्ये कुठेही भिंत नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या, "एवढं राहू द्या ना थोडे दिवस. असंच."

मिस्त्रींनी त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. हातातली फळी त्यांनी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात स्वतःहून खिशात घातले.