एंड्रीनच्या बाटल्या

जिल्ह्यात दारूबंदी होती, म्हणून हिंगणीच्या कवडूची मोहाची दारू आसपासच्या बऱ्याच गावांत जायची. दारू गाळायचा कवडू आणि बाटल्या धुवायची त्याची बायको तानाबाई. भंगारातली प्रत्येक बाटली ती आधी नाकाशी धरायची. मग राख आणि वाळू घालून खळखळवायची, सोड्याच्या पाण्यात भिजवायची आणि शेवटी मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळायची.

१९७६ सालच्या पोळ्याच्या आदल्या दुपारी कवडूने पोतंभर बाटल्या आणून अंगणात ठेवल्या. त्यातल्या सहा तानाबाईने वेगळ्या काढल्या.

"ह्या काऊन बाजूले ठेवल्या?"

"एंड्रीनच्या हायेत. कपाशीवर फवारतेत थे. कितीबी उकळल्या तरी वास जात नाई."

"उद्या पोळा हाय. बाटल्या कमी पडून राह्यल्या. धू अन् भर."

"मी नाई भरत. लोकं मरतीन."

कवडूने तिचं मनगट धरलं आणि तिचा उजवा हात उकळत्या गंजात कोपरापर्यंत दाबला. तिची किंकाळी साऱ्या आळीला ऐकू गेली. तिला ढकलून त्याने त्या सहांतली एक बाटली उचलली. तळाशी अजून पिवळट थर होता. नुसती विसळून त्याने तीत दारू ओतली.

"आता पाय, मले काई होते का थे!" म्हणत त्याने बाटली तोंडाला लावली.

चार घोट गेले. तानाबाईने डाव्या हाताने चुलीजवळचं लाकूड उचललं आणि बाटलीवर हाणलं. काच त्याच्या तोंडातच फुटली. ओठ फाटला, पुढचे दोन दात पडले. रक्त थुंकत तो तिच्यावर धावला, तिला खाली पाडून गळा आवळू लागला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

मग त्याची बोटं सैल पडली. तो बाजूला कलंडला आणि त्याला झटके येऊ लागले. तोंडाला फेस आला.

"पाणी," तो म्हणाला.

तानाबाई खोकत उठून बसली. दोन वर्षांपूर्वी याच माणसाने पोटात लाथ घातली होती आणि तिचं सहा महिन्यांचं बाळ पोटातच गेलं होतं. ती जागची हलली नाही. नुसती बघत राहिली.

किंकाळी ऐकून शेजारची कौशल्याबाई धावत आली. फवारणीच्या औषधाचा वास तिने लगेच ओळखला. "बाई, बसली काऊन? मीठ आण!"

तेव्हा तानाबाई उठली. दोघींनी त्याच्या तोंडात मिठाचं पाणी ओतून त्याला ओकवलं आणि बैलगाडीत घालून सेलूच्या दवाखान्यात नेलं. तो वाचला.

नवव्या दिवशी तो घरी आला. दारू गाळायचा हंडा कुऱ्हाडीने फोडलेला होता. उरलेल्या पाच बाटल्यांचा चुरा करून तानाबाईने तो पुरून टाकला होता.

"हंडा कोनं फोडला?"

"मीनं."

त्याने हात उगारला. ती मागे सरली नाही. तिच्या उजव्या हाताला अजून पट्टी होती.

"त्या दिवशी तू पाणी मांगून राह्यला होता," ती म्हणाली. "मी आयकत होती. कौशल्याबाई आली नसती, त मी उठली नसती."

कवडूचा हात हळूहळू खाली आला.

त्यानंतर त्याने तिला कधी मारलं नाही. पण तिच्या हातून पाण्याचा पेलाही कधी घेतला नाही. माठातलं पाणी स्वतःच ओतून प्यायचा.