चौथ्या मजल्यावरून खाली

बोलण्यात संघप्रियाचा हात कुणी धरू शकत नसे. वक्तृत्व स्पर्धेची ढाल शाळेत आणल्यापासून तर विचारूच नका. त्यामुळे पप्पांनी घर विकायला एजंट गाठायचं काढलं, तेव्हा तिने कंबरच कसली.

"फोटो काढायचे आणि गोड बोलायचं, एवढ्यासाठी त्याला दोन टक्के? ते मी फुकट करते की."

पप्पा, म्हणजे बाजीराव मोरे, हसले. दिवाळीपासून ते हसलेच नव्हते.

घर विकायचं कारण आतल्या खोलीत पलंगावर पडून होतं. दिवाळीत आईची, शर्मिलाबाईंची, उजवी बाजू लुळी पडली, आणि नेरुळच्या त्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगचा चौथा मजला तिला तुरुंग झाला. मागे एकदा दवाखान्यात न्यायला चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं होतं. जिन्याच्या वळणावर एकाचा हात सुटला आणि ती कठड्यावर जाऊन आदळली. तेव्हापासून ती खुर्ची नुसती दिसली तरी आई डोळे गच्च मिटून घ्यायची. डॉक्टर सांगून दमले, रोज मोकळ्यावर चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल. जुईनगरला तळमजल्यावरचं एक घर मिळत होतं, दारात फरशीचं अंगण असलेलं. पण त्याचा मालक मेअखेरपर्यंतच थांबणार होता.

संघप्रियाने मोबाइलवर घराचा झकास व्हिडिओ केला. "जय भीम! मी संघप्रिया. चला, आमचं घर बघू या." घरी आलेल्या माणसाला त्यांच्याकडे असंच म्हणतात, म्हणून तीही तसंच म्हणाली. मग गॅलरी, ओटा, आणि हॉलच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी शेजारी, ताजा हार घातलेले.

व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला. फोन मात्र मोजकेच आले. कुणाकडून ऐकून, व्हिडिओ न बघताच येणारे नळ सोडून बघायचे, फरशी ठोकायचे, उत्साहाने बोलायचे. मग नजर त्या भिंतीवर जायची आणि बोलणं आखडायचं.

"गाव कुठलं तुमचं?"

"हिंगोलीकडचं."

"अच्छा, अच्छा. कळवतो."

पाण्याचे ग्लास भरलेलेच परत जायचे. एकदा एक काकू चष्मा विसरून गेल्या. तो द्यायला संघप्रिया जिन्यात धावली, तर खालून त्यांचा आवाज आला, "घर चांगलंय हो. पण त्यांच्या वापरातलं. आपले देव कुठे मांडायचे?"

एरवी तोडीस तोड उत्तर देणारी पोरगी त्या गेटबाहेर पडेपर्यंत कठड्याआड थांबली. चष्मा तिने वॉचमनकडे दिला. आलेली माणसं का फिरतात, हे पप्पांनी तिला कधी विचारलं नाही, म्हणजे त्यांना ते आधीच कळलेलं होतं.

मे निम्मा सरला तेव्हा पप्पा जवळच्या सारसोळे गावच्या सिताराम एजंटला घेऊन आले. त्याने हॉलमध्ये उभं राहून एकच नजर फिरवली.

"मोरेसाहेब, घर एक नंबर हाय. पन पोरीचा व्हिडिओ पयला काढून टाका."

"का?" संघप्रियाने विचारलं.

"का, ते तुला म्हाईत हाय. माझ्या मनात काय नाय गो. माझ्या पोराचा मास्तर तुमच्यातलाच हाय. पन मला घर इकायचं हाय, लोकांना शिकवायचं नाय." मग तो पप्पांकडे वळला. "बाजीराव मोरे. फस्क्लास नाव, कुनाला काय कलनार नाय. रविवारी गिऱ्हाईक आनतो, तेवढ्यापुरते ते दोन फोटो कपाटात ठेवा. आनि पोरी, कुनी नाव इचारलं तर तू प्रिया."

आता पप्पा ह्याला दार दाखवणार, असं तिला वाटलं. चौदा एप्रिलला मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालणारा माणूस तो. पप्पांनी स्टूल ओढलं. फोटो उतरवले, शर्टाच्या बाहीने काचा पुसल्या आणि आईच्या जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवले.

"कशा...ला?" आतून आईने वाकड्या ओठांनी विचारलं.

"रंग द्यायचाय भिंतीला," पप्पा म्हणाले.

रविवारी सुनीतीबाई आणि त्यांचे मिस्टर आले. बाई अघळपघळ, मोकळ्या. आत जाऊन आईची चौकशी केली, ओट्याची उंची बघितली, पाण्याचा ग्लास गटागटा रिकामा केला आणि आणखी मागितला. स्वयंपाकघरात रिकामा ग्लास परत देताना म्हणाल्या, "नाव काय गं तुझं?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या घरचं पाणी प्यायलं होतं. संघप्रिया त्या ग्लासाकडे बघत राहिली.

"प्रिया."

"गोड आहे नाव."

सौदा जमला. सितारामने कागदपत्रंही धावपळ करून उरकली. महिना संपायच्या आत टेम्पो खाली उभा राहिला आणि वर पुन्हा ती खुर्ची आली. पप्पांनी आईला खुर्चीला ओढणीने बांधलं. आईने फोटो गुंडाळलेलं ते साडीचं गाठोडं मांडीवर मागून घेतलं. संघप्रिया आईकडे तोंड करून, एकेक पायरी उतरत पुढे होती. वळण आलं, गेलं. ह्या खेपेला आईने डोळे मिटले नाहीत. ती लेकीकडे बघत होती.

खाली ऊन होतं. आईने तोंड वर केलं. इतक्यात चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून किल्ली घ्यायला आलेल्या सुनीतीबाई वाकल्या.

"प्रिया! अगं प्रिया, गॅलरीतली बादली राहिली तुमची."

"राहू दे काकू," संघप्रिया म्हणाली. तोंडातून सहज निघून गेलं.

आईची मान हळूहळू वळली. जीभ जुळायला वेळ लागला.

"कोण... प्रिया?"

संघप्रिया हे नाव आईने ठेवलं होतं. पूर्ण. कुणी तोडून हाक मारली की ती चिडायची. मग आईचा डावा हात मांडीवर सरकला आणि साडीची गाठ चाचपू लागला. एका हाताने गाठ सुटेना. तरी बोटं थांबेनात. साडी सरकली, फोटोचा एक कोपरा उन्हात चमकला.

कागद झाले होते, किल्ली दिली होती. आता भ्यायचं काहीच कारण नव्हतं. तरी संघप्रियाने वर पाहिलं. सुनीतीबाई अजून वाकून हात हलवत होत्या. तिने झटकन आईचा हात दाबून धरला आणि साडी पुन्हा वर ओढली.

"गाडीत, आई. गाडीत बसल्यावर."

आईने हात काढून घेतला आणि डोळे गच्च मिटून घेतले.