केसाळ कोळ्याचं घर

भिवाजीनं रॉकेलच्या डब्याची एक बाजू कातरून काढली, तेव्हा बाजेवर पडलेली त्याची बायको रूपाबाई म्हणाली, "एवढा उंच काहून? वरून पडला तर पोट फुटंल त्याचं."

भिवाजीनं निमूट डबा अर्ध्यावर कापला. कनेरगाव नाक्यावर गळक्या कंदील-चिमण्यांना कथलाचा डाग देणारा हा माणूस गिऱ्हाइकाचंसुद्धा इतकं ऐकत नसे. पण दुष्काळात रूपाबाईला छातीचं दुखणं जडलं होतं आणि दुष्काळ सरला तरी ते सरलं नव्हतं. पोटी लेकरू नाही. शेजारणी उंबऱ्यावरूनच विचारपूस करून जायच्या. दिवसभर ती आणि समोरची भिंत. त्या भिंतीच्या भोकातून एकदा तळहाताएवढा केसाळ कोळी बाहेर आला. भिवाजीनं पायताण उचललं, तर ती म्हणाली, राहू द्या, तेवढीच मला सोबत.

पण पायताण उचलणारे हात गावात पुष्कळ होते, म्हणून हे घर. कापलेल्या बाजूला त्यानं जुन्या तसबिरीची काच बसवली. झाकणाला भोकं पाडताना खिळा आतून बाहेर ठोकला, म्हणजे पत्र्याचे काटे कोळ्याच्या पायांना लागू नयेत. तळाशी ओलसर काळी माती, तीत आडवं पुरलेलं फुटकं गाडगं, पाण्याला बाटलीचं बूच. कोळी गाडग्यात शिरला आणि रूपाबाई कितीतरी महिन्यांनी हसली. भिवाजी रोज नाकतोडे धरून आणू लागला. लोक म्हणत, बाईला रोग आन् बुवाला येड. म्हणेनात का.

पुढल्या साली हिवाळ्यात कोळ्यानं खाणं सोडलं. एका सकाळी तो उताणा पडलेला दिसला, पाय आखडलेले. रूपाबाईचा नुकता डोळा लागला होता. तिनं हे पाहू नये, एवढंच त्याला सुचलं. परसात खड्डा करून त्यानं कोळी पुरला आणि ती उठल्यावर सांगितलं, झाकण उघडं राहिलं, गेला निघून.

ती काचेकडे बघत राहिली. "उताणा पडला व्हता का?"

भिवाजीनं मातीचे हात धोतराला पुसले.

"मेला नसंल वो. कात टाकून राहिला आसंल. मागल्या साली बी असाच दिसभर पडला व्हता. तुमी बाजाराला गेलते. मी रडले, आन् सांजच्याला नवा होऊन उठला. तुमी हसताल म्हनून बोलले न्हाई."

भिवाजी परसात धावला. हातांनीच माती उकरली. कोळी जुन्या कातीतून अर्धा बाहेर आला होता आणि तिथंच संपला होता. भिवाजी मातीत बसून रडला. रूपाबाईनं एका शब्दानं दोष दिला नाही, हेच त्याला फार लागलं.

होळीच्या आत रूपाबाईनंही अन्न सोडलं, मग बोलणं. डोळे फिरले. मरायला टेकलेल्या माणसाला बाजेवरून जमिनीवर घ्यायची रीत. थोरली भावजय जनकाबाई आली, तिनं जमीन सारवून घोंगडी अंथरली.

"भावजी, खाली घ्या तिला. बाजेवर जीव गेला तर गत मिळायची न्हाई."

भावकीतली माणसं उचलायला पुढं झाली. भिवाजी बाजेपुढं आडवा उभा राहिला. "न्हाई वैनी. आजून श्वास हाय."

"तो काय श्वास हाय, भावजी?"

"हाय. मी एकदा घाई केली. आता करनार न्हाई."

माणसं चिडली, समजावून थकली. उन्हं कलली तरी तो हटला नाही. तिच्या नाकाशी त्यानं उलटा हात धरून ठेवला होता. हाताला काही लागेनासं झालं, तरी त्यानं तो काढला नाही. शेवटी जनकाबाईच उठली. तिनं जमिनीवरची घोंगडी उचलली, झटकली आणि बाजेवरच रूपाबाईच्या अंगावर पांघरली.