हंडीचा तळ

योनेटला विमानतळावर घ्यायला भाऊ रॉल आला होता, वडील आले नव्हते. आमच्या न्यू ॲमस्टरडॅम गावापर्यंतच्या सगळ्या रस्त्यात रॉलने रेडिओवर नाताळची गाणी लावून ठेवली आणि तिने काहीही विचारलं की 'हो', 'नाही', 'बघू' एवढंच उत्तर दिलं. एरवी हा गडी आपल्या टॅक्सीत बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा बोलून बोलून बेजार करतो. योनेटला काय ते समजलं. तिने काच खाली केली आणि बाहेर बघत बसली.

आई, मर्लीन, मे महिन्यात गेली. योनेट तेव्हा बोत्स्वानात होती, शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवत होती आणि पोरांची परीक्षा तोंडावर आली होती. तिकीट मिळत होतं ते आठवड्यानंतरचं. आता आमच्याकडे आठवडा म्हणजे काहीच नाही. घरातलं एक तरी पोर परदेशात असतंच, आणि ते येईपर्यंत गेलेल्या माणसाला बर्फात ठेवतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. डॅडी थांबायला तयारच होते. योनेटच फोनवर म्हणाली, "माझ्यासाठी नका थांबू, डॅडी. उरकून घ्या."

आपण समजूतदारपणे बोलतोय असं तिला वाटलं होतं. डॅडींनी काही न बोलता फोन रॉलकडे दिला, आणि त्यानंतर फोनवर ते तिच्याशी 'बरं आहे' याच्यापुढे कधी गेले नाहीत. डॅडींनी आपल्याशी एकदा धड बोलावं, रागावून का होईना पण बोलावं, एवढ्यासाठी ती तीन विमानं बदलून नाताळाला आली होती. बॅगेत सगळ्यांसाठी भेटी होत्या, पण त्या कशाचीच तिला फिकीर नव्हती.

डॅडी जिन्याखाली उभे होते. त्यांनी तिची बॅग घेतली, "वाळलीस," म्हणाले आणि बॅग घेऊन वर गेले. झालं स्वागत.

बाकीचं आंटी इस्मेने सांगितलं. इस्मे ही आईची थोरली बहीण, दोन घरं सोडून राहते आणि या घरात तिला दार वाजवायची गरज पडत नाही. तिने योनेटला स्वयंपाकघरात नेलं आणि चुलीवरच्या काळ्या हंडीकडे बोट दाखवलं.

"ओळखलीस? गेल्या नाताळात तुझ्या आईने चढवलेली. अजून चालू आहे."

योनेटला आधी खरंच वाटेना. पेपरपॉट आमच्याकडे घरोघर असतो. मांस, दालचिनी, लवंग, मिरच्या आणि कडू कसावाच्या कंदाचा आटवून काळाभोर केलेला रस. सकाळ-संध्याकाळ खळखळून उकळत राहिलात तर तो महिनोन्महिने टिकतो. मांस संपलं की नवं घालायचं, रस उतरला की नवा ओतायचा, पण तळ तोच राहतो. तरी एखाद्या बाईचा कंटाळा, एखादा ताप, एखादा प्रवास, आणि हंडी आंबून जाते. इथे तर बाईच राहिली नव्हती.

"म्हातारा स्वतः उकळतो," इस्मे म्हणाली. "रॉलला हात लावू देत नाही, मला देत नाही. मी म्हटलं, व्हायबर्ट, कशाला जीव काढतोस? तर म्हणतो, पोरगी नाताळाला येईल. तिला आईच्या हातचं मिळायला हवं."

ते ऐकून योनेटला इतकं बरं वाटलं आणि इतकी लाज वाटली की ती तिथेच खुर्चीवर बसली. डॅडी बोलत नव्हते, पण इतके महिने चुलीपाशी तिच्यासाठीच उभे राहत होते.

आणि आता या शिकल्यासवरल्या बाईने काय केलं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. इस्मेने पाठवलेला नारळाच्या दुधातला चवळी-भात ती ताटली हातात घेऊन उभ्या उभ्या खात होती. खाता खाता तिने हंडीवरचं झाकण उचललं. दालचिनीचा आणि त्या काळ्या रसाचा वास तोंडावर आला आणि आई मागे येऊन उभी राहिली असंच तिला वाटलं. तिने हातातला चमचा हंडीत घातला. एकदा घातला, परत घातला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती खात होती. काळ्या रसावर भाताचं एक पांढरं शीत तरंगताना दिसलं तेव्हा तिचा हात थांबला.

हंडीला खरकटं लागू द्यायचं नाही, हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी समजतं. हंडीचा डाव वेगळा, कोरडा, स्वच्छ. भाताचं शीत नको, पावाचा चुरा नको, तोंडात घातलेला चमचा तर नकोच. याच डावाने आईने योनेटच्या बोटांवर किती वेळा मारलं होतं. पण परदेशात एकटीचा संसार. खोलीवर आलं की गॅसवरच्या पातेल्यातूनच खायचं, त्याच चमच्याने, उभ्या उभ्या, पोरांचे पेपर तपासता तपासता. तिथे उष्टं-खरकटं बघायला होतं कोण? हात तिकडची सवय घेऊन आला होता.

तिने शीत काढून टाकलं, झाकण ठेवलं आणि गप्प बसली. संध्याकाळी डॅडी हंडी उकळायला आले तेव्हा ती टेबलाशी आलं किसत होती. सांगावं असं वाटत होतं. पण डॅडींची पाठ बघून तिचं तोंड उघडेना. आज ना उद्या ते बोलतील या आशेवर ती आली होती, आणि बोलायला हे निमित्त द्यायचं? उकळी जोरात आली, बराच वेळ चालली. डॅडींनी ज्योत बंद केली, झाकणावर फडकं टाकलं आणि ते झोपायला गेले. उकळीत सगळं निभावून जाईल, असं तिने मनाला समजावलं.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी ती उठली तर डॅडी टोपी घालून, बाजाराची पिशवी घेऊन निघालेले. चूल थंड होती. दारातून वळून ते म्हणाले, "आज हंडी तू बघ."

सात महिन्यांतलं त्यांचं पहिलं अख्खं वाक्य. योनेटला रडू यायचं बाकी होतं. जी हंडी रॉलच्या हाती दिली नाही, इस्मेच्या हाती दिली नाही, ती तिच्या हाती दिली. ती धावतच चुलीपाशी गेली आणि तिने झाकण उचललं.

वर फिकट फेस आला होता. खाली ज्योत नव्हती आणि रस आपोआप बुडबुडत होता. वास आंबट होता.

तिने घाईघाईने हंडी उकळली, पुन्हा उकळली, बाटलीतला रस ओतून तिसऱ्यांदा उकळली. फेस खाली बसे आणि परत वर येई. तेवढ्यात इस्मे आलं-मोसंबी घेऊन जिना चढून आली, दारातच थांबली आणि तिने नाक वर केलं. विचारायची गरजच नव्हती. योनेटने सगळं सांगितलं. इस्मेने हातातली टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "गेली ती. आता कितीही उकळ."

रॉलला सांगावंच लागलं. तो आधी हंडीत बघत राहिला, मग बहिणीकडे.

"सात महिने म्हाताऱ्याने सांभाळली. पूर आला तेव्हा खांद्यावर घेऊन शेजारच्यांच्या माडीवर गेला होता, माहीत आहे? आणि तू दोन दिवसांत..." पुढे त्याला सुचेना. मग सुचलं. "असो. तुला येतंच की. हेही उरकून टाक."

योनेटने ते ऐकून घेतलं.

इस्मे मात्र रडणाऱ्यांतली नाही. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं: हंडी रिकामी करायची, घासायची, उन्हात वाळवायची आणि संध्याकाळपर्यंत नवी चढवायची. तिच्या घरी रसाची बाटली होती. मांस आणि गाईचे खूर रॉलने आणायचे, खाटकाकडे रांग असली तरी. आणि व्हायबर्टला कुणी एक शब्द बोलायचा नाही. "हात माझा आणि मर्लीनचा एकाच आईने वळवलेला आहे," ती म्हणाली. "म्हाताऱ्याची जीभ थकली आहे. सकाळी प्रार्थनेहून भुकेला येईल, पावाबरोबर खाईल, समाधान होईल. मग तू जा आपली परत."

रॉल कुरकुरत गेला. इस्मे बाटली आणायला गेली. हंडीतलं मोरीत ओतायचं म्हणून योनेटने हंडी उचलली, पण मोरीपर्यंत तिला जाता येईना. ती जिना उतरून मागच्या आवारात गेली. तिथे आईने लावलेलं विरीविरी मिरचीचं झाड होतं, लाल गोल मिरच्यांनी भरलेलं. तिने फावडं घेतलं आणि झाडापासून हातभर अंतरावर खणायला लागली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून खोल खणलं. वरची माती चिकट होती आणि तळव्याला फोड आले. मग तिने हंडी हळूहळू कलती केली. काळा रस मातीत जिरला, शेवटी तळाशी चिकटलेलं तिने हाताने काढून घातलं. माती लोटली, पायाने नाही, हाताने दाबली. मे महिन्यात आलं नव्हतं ते रडणं आता आलं. शेजारच्या आवारात कुणीतरी पडदे धुऊन वाळत घालत होतं, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

दिवसभर नवी हंडी शिजत राहिली. डॅडी दुपारी बाजारातून आले ते खांबांवर उभ्या घराच्या खाली टांगलेल्या दोरीच्या झोपाळ्यात जाऊन पडले आणि वर आलेच नाहीत. मांसाचा वास खाली जात असणारच. एवढी नवी दालचिनी कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी उकळायच्या वेळीही ते चुलीपाशी फिरकले नाहीत. इस्मे डोळा मारून म्हणाली की देवाचीच इच्छा दिसते. योनेटला हायसं वाटायला हवं होतं, पण जीव टांगणीलाच होता.

नाताळच्या पहाटेची प्रार्थना आटोपून चौघं घरी आले. नवे पडदे लावलेले होते, टेबलावर वेणीसारखा गुंफलेला पाव होता, आल्याचं पेय होतं. आईची खुर्ची भिंतीशी सरकवलेली होती. डॅडींनी कोट काढला, हंडी स्वतः उचलून टेबलावर आणली आणि डाव हातात घेतला. त्यांनी पहिली ताटली योनेटची ओढली. दोन मोठे तुकडे, वरून रस, आणि ताटली तिच्यापुढे ठेवली.

"तुझ्यासाठी ठेवली होती," ते म्हणाले.

टेबलाखाली इस्मेने तिचा पाय दाबला. रॉल पावाकडे बघत होता. योनेटने पाव हातात घेतला आणि परत ठेवला. हे खाल्लं तर आपण परत कधीच या माणसाच्या तोंडाकडे बघू शकणार नाही, एवढं तिला स्पष्ट कळलं.

"डॅडी, हे आईचं नाही," ती म्हणाली. "मी खरकटा चमचा घातला. हंडी आंबली. हे काल शिजवलेलं आहे."

इस्मेने कपाळावर हात मारला. डॅडींच्या हातातला डाव हंडीवर तसाच राहिला. त्यातून थेंब गळत होते. मग डॅडींनी डाव ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"कुठे ओतलंस?"

"विरीविरीच्या झाडाखाली. खड्डा करून."

"खोल?"

"खोल."

"रॉल होता बरोबर?"

"नाही. मी एकटीच होते."

डॅडींनी मान हलवली. मग त्यांनी तिचा हात धरून उलटा केला आणि तळव्यावरचे फोड बघितले.

"वास मला काल सकाळीच आला," ते म्हणाले. "तुम्ही सगळे झोपला होतात. ओतून द्यावी म्हणून उचलली, पण हात होईना. एकदा मातीत घातलं होतं तिला. परत कसं घालू? म्हणून तुझ्यावर टाकून बाजारात गेलो. दिवसभर खाली पडून होतो, वर यायची छाती नव्हती."

रॉलने मान वर केली.

"उरकून घ्या म्हणालीस तू. त्याचा राग होता मला, योनेट. अजून आहे." त्यांनी तिचा हात सोडला नव्हता. "पण आम्ही सगळ्यांनी मे महिन्यात माती दिली. तुझी राहिली होती. ती काल झाली."

मग त्यांनी पावाची वेणी तोडली, अर्धी तिच्या ताटलीत ठेवली, उरलेली आपल्या रसात बुडवून तोंडात घातली आणि सावकाश चावत राहिले.

"मिरची कमी आहे," ते म्हणाले. "आईच्या झाडाच्या घे. जाईपर्यंत रोज सकाळी तू उकळ, मी बघतो शेजारी उभा राहून. मग मी आहेच."

योनेटने चमचा उचलला, तेवढ्यात रॉलने तो तिच्या हातातून काढून घेतला, सदऱ्याला खसखसून पुसला आणि परत दिला.